खैरुन्निसा बंदरकर यांना दोन्ही कानांनी नीट ऐकू येत असल्याबाबत

प्रति,
मा. पोलीस निरीक्षक साहेब,
पोलीस ठाणे, रोहा,
जि. रायगड.

अर्जदार : खैरुन्निसा दाऊद बंदरकर, वय ६४, धंदा बेकरी, राहणार मोहल्ला, अष्टमी, ता. रोहा.

विषय : "मला ऐकू येत नाही" हा अर्जदाराचा जबाब खोटा असल्याने तो रद्द करून, तिने जे ऐकले ते नव्याने लिहून घेणेबाबत.

संदर्भ : सून सौ. रुकय्या मुबीन बंदरकर हिने पती मुबीन याच्याविरुद्ध दिलेली तिहेरी तलाकची तक्रार, व त्या चौकशीत अर्जदाराचा गेल्या महिन्यात झालेला जबाब.

महोदय,

१. सविनय सादर करण्यात येते की, हा अर्ज पेण येथे तहसील कचेरीसमोरच्या टपरीत बसून लिहून घेतला आहे. रोह्यात अर्ज लिहून देणारे मेले काय, बाई एसटीत बसून पेणला कशाला गेली, असे साहेबांच्या मनात येईल. तर रोहा-अष्टमीत अर्जदाराच्या भट्टीचा पाव न खाल्लेला माणूस सापडणे कठीण, आणि ज्याने आपला पाव खाल्ला त्याच्यापुढे बसून आपलीच लाज सांगणे त्याहून कठीण. लेखनिक प्रविण हे गागोदे बुद्रुकचे, त्यांनी हा पाव खाल्लेला नाही. अर्जदाराने त्यांना आधीच बजावले की, लिहिलेले मोठ्याने वाचून दाखवायचे नाही, आणि "मला 'त्या' नि 'बाईसाहेब' लिहू नका, नुसतं 'ती' लिहा. मानानं लिहावं असं माझ्या हातून काय झालेलं नाय." आपला मान कमी करून मागणारे गिऱ्हाईक लेखनिकास पहिलेच भेटले. त्यांनी तसे लिहिले आहे.

२. अर्जदाराच्या कानांविषयी वस्तुस्थिती अशी की ते शाबूत आहेत. तिचे मरहूम पती दाऊदमियां यांनी लग्नानंतर तिला पाव ओळखायला शिकविले. पाव भट्टीतून काढायचा, उलटा करायचा, बुडावर बोटाचे पेर ठोकायचे आणि कान द्यायचा. भाजलेला पाव पोकळ वाजतो, कच्चा मुका राहतो. पुढे पुढे दाऊदमियांचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा बायकोच्या कानांवर जास्त भरवसा बसला. कुंडलिका नदीपलीकडे स्टेशनात दिव्याहून येणारी रेल्वेगाडी शिरली की अष्टमीत पीठ मळता मळता ती सांगते, आज गाडीने उशीर केला. पिठात किडा चालला तरी चाचीला ऐकू येतो, असे गिऱ्हाईक म्हणते. ती थट्टा आहे, बाकीचे खरे आहे. अशा बाईची आपल्या दप्तरी बहिरी म्हणून नोंद झाली आहे.

३. मुबीन हा अर्जदाराचा एकुलता एक मुलगा, धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. सून रुकय्या पेणची. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाव फक्त चहात बुडवता येत होता. बघता बघता तिने भट्टी ताब्यात घेतली. लाकूड लावणे, पीठ मळणे, लाद्या भरणे, उधारीवाल्यांना गोड बोलून वाटेला लावणे, सगळे तिच्याकडे गेले आणि अर्जदाराकडे पाव ठोकण्याचे तेवढे राहिले. सुनेच्या पायाने बंदरकरांकडे बरकत आली, असे मोहल्ला म्हणे. अर्जदार मनात म्हणे, पायाने नाय, हातांनी. पण हे तिने रुकय्याला कधी तोंडाने सांगितले नाही, याचीही तिला आता लाज वाटते.

४. येथे मागचे थोडे सांगणे भाग आहे. एका दमात तीनदा तलाक म्हणून बायको सोडण्यावर बंदीचा कायदा झाला, तेव्हा मोहल्ल्यात दोन तट पडले होते. कोणी म्हणाले, सरकारने आमच्या घरात नाक खुपसले. कोणी म्हणाले, बरे केले, घरात धूर झाला होता. अर्जदाराने कोणाशी वाद घातला नाही. तिने त्या दिवशी नानकटाई भाजली आणि आल्यागेल्याच्या हातावर ठेवली. कसली म्हणून कोणी विचारलेच तर म्हणाली, कालचा माल उरलाय. इतका तिला तो कायदा गोड लागला होता. त्याच कायद्याचा तिने पुढे स्वतःच्या घरात काय उपयोग केला ते साहेबांनी ऐकावे.

५. एका दुपारी लग्नाच्या ऑर्डरचा पाव करपला. मुबीन शिफ्ट संपवून भुकेला आला होता, गिऱ्हाईक दारात तणतणत होते. गिऱ्हाईक गेल्यावर मुबीनने भट्टीपुढेच रुकय्याला तो शब्द तीन वेळा म्हटला, आणि हात धुवायला गेला. रुकय्याच्या हातातले लांब दांड्याचे फावडे खाली पडले. भट्टीपाशी तिसरे माणूस अर्जदार होती. अर्जदार उठली, सुनेला पाणी दिले आणि म्हणाली, "जाऊ दे गो. आता त्याला कायदा विचारत नाय. हवेत गेलं." रुकय्याने फावडे उचलून भिंतीला लावले. मग म्हणाली, "शब्द हवेत गेला अम्मी, मी नाय गेले. मी हितंच उभी हाय."

अर्जदार सत्य सांगते की, कायदा दोन गोष्टी सांगतो हे तिला माहीत होते. तलाक होत नाही ही एक, आणि म्हणणाऱ्याला शिक्षा होते ही दुसरी. तिने सुनेला पहिलीच सांगितली. दुसरी गिळली. कारण पुढचा पाव अजून भट्टीत होता, संध्याकाळची गिऱ्हाइके यायची होती आणि पोरगा आपला होता.

६. पुढे मुबीनला चटकच लागली. ज्या शब्दाने काही होत नाही तो म्हणायला जाते काय? चहा निवला, तलाक. माहेरचा फोन लांबला, तलाक. आणि भूक लागली की, "कायद्यानं काय झालेलंच नाय, वाढ जेवायला." पूर्वी हा शब्द उच्चारायला पुरुष दहादा विचार करीत, निदान नंतर डोके धरून बसत. मुबीन टीव्ही बघत बसे.

रुकय्याने हिय्या करून विचारपूस केली. मोहल्ल्यातले वडीलधारे म्हणाले, पोरी, एका दमात म्हटले तरी तीन ते तीनच, तू आता त्याच्यासमोर येऊ नको. पेणला तिच्या वडिलांच्या ओळखीचे मौलाना म्हणाले, एका बैठकीतले तीन म्हणजे एक, नवऱ्याला ते मागे घेता येते. कायदा म्हणतो, एकही नाही. घरात बाई एक, आणि तिची गणिते तीन! ती कोणाच्या हिशेबाने भाकरी थापणार आणि कोणाच्या हिशेबाने पदर घेणार, हे कोणी सांगेना. रात्री ती अर्जदाराच्या खोलीत निजू लागली. अर्जदाराने जागा दिली, पण बोलली काही नाही.

७. शेवटी रुकय्याने खुला मागितला, म्हणजे बायकोने मागून घेतलेली रीतसर सुटका. त्यावर मुबीन म्हणाला, "मी तलाक दिलेलाच नाय, तर सुटका कसली मागतेस? कायद्यानं तू माझी बायको हायेस." म्हणजे न मागता रोज देत होता, आणि मागितल्यावर देईना. रुकय्या बॅग भरून पेणला गेली आणि तिने आपल्याकडे तक्रार दिली. ती निघताना उंबऱ्यावर एक गोष्ट घडली. अर्जदार ती शेवटी सांगेल, आत्ता तिची जीभ उचलत नाही. लेखनिकाने सुचविले की घडले त्या क्रमाने लिहिले तर अर्ज नीट बसेल. अर्जदार म्हणाली, बसत नसेल तर उभा राहू दे.

८. चौकशीसाठी ठाण्यात बोलावले तेव्हा मुबीन अर्जदाराच्या शेजारीच उभा होता. तुमच्या मुलाने असे म्हटलेले तुम्ही ऐकले का, असा साधा प्रश्न होता. अर्जदाराने तोंड उघडायच्या आत मुबीन म्हणाला, "अम्मीला ऐकू येत नाय साहेब." अर्जदाराने त्याच्याकडे पाहिले. लहानपणी शाळेत मार खाऊन आला की जसा ओठ दुमडायचा तसा त्याने दुमडला होता. अर्जदाराने नुसता हात उचलून कानाला लावला. शब्द त्याचा, हात तिचा. कानांवर हात ठेवणे म्हणतात ते तिने अक्षरशः केले.

हवालदार नम्रताताईंनी त्यांचे काम चोख केले. आजीला ऐकू येत नाही म्हणून त्या कानाशी वाकून मोठ्याने विचारू लागल्या. अर्जदार मान हलवी, ताई आवाज चढवीत. "तुमच्या मुलानं! सुनेला! तीनदा तलाक म्हटलं का?" ठाण्यातले लिहिणारे लिहायचे थांबले. बाहेर चहाच्या टपरीवरचेही वळून बघू लागले. जी गोष्ट अर्जदार चार भिंतींत दडवू बघत होती ती अशी चौकात वाजली, आणि अर्जदार मात्र काही कळत नसल्यासारखे हसत बसली. नंतर ताईंनी तिला स्वतःच्या पैशाने चहा पाजला. त्या चहाची तिला अजून शरम वाटते.

९. खोटे एकदा बोलता येते, पण नंतर ते पाळावे लागते. अर्जदार त्या दिवसापासून बहिरी होऊन राहते आहे. अजान झाली तरी कोणी खांदा हलवल्याशिवाय उठायचे नाही. गिऱ्हाईक ओरडून पाव मागते, तिने "काय?" म्हणायचे. आणि पाव ठोकायचा नाही! सगळ्या अष्टमीदेखत बहिरी बाई पावाला कान कसा लावणार? डोळ्यांच्या भरवशावर पाव काढू लागली, तो बाहेरून लाल आणि आतून चिकट निघू लागला. माणसे परत आणून देऊ लागली. दाऊदमियांच्या भट्टीचा पाव कधी परत आला नव्हता.

बहिऱ्या माणसासमोर लोक काय काय बोलतात हे साहेबांना माहीत नसेल, कारण साहेब बहिरे झालेले नाहीत. जी चंद्रावती वहिनी रुकय्याकडून खारी बिस्किटे शिकून गेली तीच अर्जदाराच्या तोंडासमोर दुसरीला म्हणाली, "पेणची भारीच निघाली गो. एवढी सासू घरात, तिनं काय ऐकलं नाय, आणि हिनंच बरं ऐकलं!" दुसरी म्हणाली, तिकडे कोणीतरी असेल. हे ऐकून अर्जदाराने दोघींना पाव मोजून दिला आणि वर एकेक जास्त घातला, कारण हातांना काय करावे ते कळेना. ऐकणारी तीच, खरे ठाऊक असलेली तीच, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलेलीही तीच.

१०. तथापि अर्ज करण्याचे तात्कालिक कारण वेगळे आहे. गेल्या आठवड्यात मुबीन दुपारी ओट्यावर बसून साहिल नावाच्या मित्राशी फोनवर बोलत होता. अर्जदार समोरच तांदूळ निवडत होती. पूर्वी तो असले फोन घेऊन नदीकडे जायचा. आता आईसमोर कशाला उठायचे? तिने ऐकले तरी बहिरीची साक्ष कोण धरणार? तो म्हणाला, "खुला-बिला काय देत नाय. राहू दे तशीच लटकत, ना इकडची ना तिकडची. तक्रार तर बंदच होणार, साक्षीदार नाय. म्हातारी बहिरी झाली, झक्कास काम झालं."

भिंतीला कान असतात म्हणतात. आईचे मोजायचे नसतात असे तो धरून चालला. अर्जदार तांदूळ निवडत राहिली. त्याने आपल्याला म्हातारी म्हटले याचे तिला काही वाटले नाही, म्हातारी ती आहेच. पण ज्या खोट्याची आपल्याला रोज लाज वाटते त्यावर हा हसतो आहे, हे तिने पाहिले. आजवर ती समजत होती की पोराला वाचवले. मुलाला वाचवलेच नव्हते, बाईला बुडवायला हातभार लावला होता. सदर चौकशी साक्षीदाराअभावी बंद होण्याच्या बेतात आहे असे कळते. ती बंद झाली की रुकय्या खोटारडी ठरेल, आणि खोटारडीला ना पोलीस विचारणार, ना कोर्ट, ना बाप.

११. म्हणून आज पहाटेचा पाव काढून, मग भट्टी बंद ठेवून अर्जदार पेणला आली, ती खरे तर नुसत्या अर्जासाठी नव्हे. ती रुकय्याच्या माहेरी जायला निघाली होती. गल्लीत शिरली. खिडकीतून रुकय्याचा आवाज आला, ती कोणाला तरी सांगत होती की पिठाला अजून पाणी लागेल, घाई करू नको. आवाज पूर्वीचाच होता, थोडा बारीक झालेला. अर्जदार दारापर्यंत गेली, हात उचलला आणि कडी न वाजवताच परत फिरली. तिथून ती या टपरीत आली. सबब, जे दारात सांगता आले नाही ते कागदावर सांगते आहे.

१२. आता उंबऱ्यावरची गोष्ट.

रुकय्या बॅग घेऊन निघाली तेव्हा मुबीन शिफ्टला गेला होता. घरात दोघीच होत्या. तिने चपला घातल्या, परत काढल्या आणि आत आली. अर्जदाराच्या समोर बसली. तिने भांडण काढले नाही, रडली नाही, तुमच्या मुलाने असे केले नि तसे केले म्हणाली नाही. हळू आवाजात एवढेच विचारले, "अम्मी, तुमी ऐकलंत ना?"

तिला काही मागायचे नव्हते. पोलिसांची गोष्ट तेव्हा कोणाच्या मनातही नव्हती. आपल्याला जे ऐकू आले ते खरेच कोणी बोलले होते, की आपलेच डोके फिरले, एवढे तिला एका माणसाच्या तोंडून हवे होते. आणि अर्जदाराने, जिला पावाच्या पोटातले ऐकू येते तिने, कपाळाला आठ्या घालून विचारले, "काय? काय म्हणालीस गो?"

रुकय्याने दुसऱ्यांदा विचारले नाही. उठली, चपला घातल्या आणि गेली. म्हणजे साहेब, अर्जदार बहिरी आपल्या ठाण्यात झाली नाही. मुबीनने तिला बहिरी केले नाही. ती त्याच्या आधीच, आपल्या घरात, आपल्या मर्जीने झाली होती. ठाण्यात फक्त नोंद झाली.

येथे लेखनिकाने पाणी मागविले.

१३. सबब विनंती की, अर्जदाराचा पूर्वीचा जबाब रद्द करून नवीन लिहून घ्यावा. मुबीन दाऊद बंदरकर याने रुकय्याला तो शब्द एका दमात तीन वेळा म्हटल्याचे अर्जदाराने दोन्ही कानांनी, हाताच्या अंतरावरून, एकदा नव्हे तर अनेकदा ऐकले आहे. या गुन्ह्याची खबर बायकोने किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते असे लेखनिक सांगतात. सासू हे नाते त्यात बसते. आजवर ते नाते अर्जदाराने फक्त पीठ मळून घ्यायला वापरले, आता या कामी वापरावे. नवीन जबाब शक्यतो नम्रताताईंनीच घ्यावा, पण हळू आवाजात. हळू बोललेलेही ऐकू येते.

खोटा जबाब दिल्याबद्दल अर्जदारावर जे कलम लागत असेल ते लावावे, तिची हरकत नाही.

मुबीनचे काय करायचे ते कायद्याप्रमाणे करावे. लिहू नये असे लेखनिक म्हणतात तरी लिहिते की, त्याला न्यायचे झाल्यास भट्टीसमोरून नेऊ नये, तिथे त्याच्या बापाचा हात फिरला आहे. तो उपाशीपोटी चिडतो आणि भलतेसलते बोलतो, तर आधी खायला द्यावे. डबा अर्जदार पाठवील. हे वाचून साहेब हसतील. हसावे. आईचे कान बंद करता येतात, बाकीचे बंद होत नाही.

रुकय्याला रोह्याला खेपा घालायला लावू नयेत. तिला परत नांदायला पाठवा अशी अर्जदाराची मागणी नाही. तिने कुठे राहायचे ते तीच ठरवील. ती खोटे बोलली नव्हती, एवढे आपल्या दप्तरात शाईने लिहिले जावे.

आपली, मान खाली घालून परंतु कान उघडे ठेवून,

खैरुन्निसा दाऊद बंदरकर
(डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा)

ठिकाण : पेण
दिनांक : १८ डिसेंबर २०२४

सोबत :
१) आधार कार्डाची छायाप्रत.
२) कानाच्या डॉक्टरांचा दाखला, आजच पेणला घेतलेला. दोन्ही कान चांगले. "आजी, माझ्यापेक्षा तुम्हाला बरं ऐकू येतं," असे डॉक्टर तोंडी म्हणाले, ते दाखल्यात नाही.
३) कडक पाव एक, आज पहाटेचा. अर्जदाराने तो ओट्यावर उभी राहून, चारचौघांसमोर ठोकून काढला आहे. आतून भाजलेला आहे.

प्रत माहितीसाठी :
सौ. रुकय्या मुबीन बंदरकर, सध्या मुक्काम माहेरी, पेण. लेखनिक प्रविण यांनी स्वतः नेऊन द्यावी. अर्जदार गल्लीच्या तोंडाशी उभी राहील. या प्रतीवर वरच्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात, अर्जदार सांगते ते असे लिहावे :

व्हय गो. ऐकलं.